‘नॉट’ची जागा आणि आपला ‘न’

दवाखान्याच्या किंवा बँकेच्या इंग्रजी कागदावर एखाद्या चौकटीखाली असं छापलेलं असू शकतं: “इट इज नॉट नेसेसरी टू साइन हिअर.” दुसऱ्या एखाद्या कागदावर असं असू शकतं: “इट इज नेसेसरी नॉट टू साइन हिअर.” दोन्हीकडे शब्द तेच आहेत. फक्त ‘नॉट’ हा ‘नेसेसरी’ला ओलांडून पलीकडे गेलाय. पहिलं वाक्य सांगतं की इथे सही केली नाही तरी चालेल. दुसरं सांगतं की इथे सही करायचीच नाही. पहिल्या कागदावर चुकून सही झाली तर काही बिघडत नाही. दुसऱ्यावर झाली तर अर्ज परत येऊ शकतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी माणसाला हा फरक मुळीच नवा नाही. कचेरीतला माणूस कन्नडमध्ये “सही माडबेकागिल्ल” म्हणाला तर आपण पेन खिशात ठेवतो, आणि “सही माडबारदु” म्हणाला तर हात आवरतो. घरात हेच आपण “सही करायची गरज नाही” आणि “सही करता कामा नये” असं म्हणतो. मराठीत आणि कन्नडमध्ये या दोन गोष्टींसाठी रूपंच वेगळी आहेत, त्यामुळे कानाला गोंधळ होत नाही. इंग्रजीकडे दोन्हींसाठी एकच ‘नॉट’ आहे, म्हणून तिथे अर्थ ठरतो तो त्याच्या जागेवरून. विशेषणाच्या आधी की नंतर, एवढंच बघायचं.

मराठी शाळेतून शिकलेलं इथलं मूल घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलतं, आणि दहावीनंतर सायन्सला गेलं की एकदम सगळं इंग्रजीत वाचायला लागतं. त्याचं इंग्रजी कच्चं आहे असं सरसकट बोललं जातं, ते मला पटत नाही. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांचे नकार ते रोज बिनचूक वापरत असतं. त्याला सांगायचं एवढंच की इंग्रजीचा हा नकार आपल्या कोणत्या नकारासारखा वागतो. ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

मराठीत नकार दोन तऱ्हांनी येतो. वाक्य पुरं करणारं क्रियापद असेल तर नकार मागून येतो: “मी जाणार नाही”, “तू जाऊ नकोस”. पण क्रियापद वाक्य पुरं करत नसेल, नुसतं क्रियेचं नाव सांगत असेल किंवा दुसऱ्या शब्दाच्या आधाराने उभं असेल, तर ‘नाही’ चालत नाही. तिथे पुढून ‘न’ येतो: “न जाण्याचं ठरवलं”, “न सांगता निघून गेला”, “न बोललेलं बरं”. “नाही जाण्याचं ठरवलं” असं आपण म्हणत नाही. हे कुणी शिकवलेलं नसतं, आपोआप जमतं.

इंग्रजीतही हीच विभागणी आहे. वाक्य पुरं करणाऱ्या क्रियापदाला ‘डू नॉट’, ‘डझ नॉट’, ‘विल नॉट’ लागतं. ज्या क्रियापदाच्या आधी ‘टू’ असतो, ज्याला शाळेत इन्फिनिटिव्ह म्हणतात, ते वाक्य पुरं करत नाही. त्याला फक्त ‘नॉट’ लागतो आणि तो ‘टू’च्या अगदी आधी बसतो. “इट इज बेटर नॉट टू गो”, म्हणजे न गेलेलं बरं. “ही वॉज सिली नॉट टू आस्क”, म्हणजे न विचारणं हा त्याचा वेडेपणा. जिथे मराठी जिभेवर ‘न’ येतो, तिथे इंग्रजीत बहुधा ‘नॉट टू’ येतो. ‘नाही’वरून इंग्रजी करू नका, ‘न’वरून करा. माझ्या मते सीमाभागातल्या मुलाला या विषयात सांगण्यासारखी सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे.

“बी केअरफुल टू डोंट स्लिप” असं मुलं लिहितात ते ‘नाही’वरून केलेलं असतं. ‘डोंट’ हा वाक्य पुरं करणाऱ्या क्रियापदाचा सोबती. त्याला काळ सांभाळायचा असतो, म्हणून तो ‘डझंट’ होतो, ‘डिडंट’ होतो. ‘टू स्लिप’ला काळच नाही, तेव्हा तिथे ‘डू’ला काही कामच उरत नाही. इंग्रजीत हा ‘डू’ तसा उशिराच आला. सुमारे 400 वर्षांपूर्वी “आय नो नॉट” हे नेहमीचं बोलणं होतं. पुढे साध्या क्रियापदाच्या नकाराला ‘डू’ लागू लागला आणि “आय डू नॉट नो” रूढ झालं. इन्फिनिटिव्हपर्यंत मात्र तो पोचलाच नाही. तिथे जुनी, सरळ रीत राहिली.

आता ‘नॉट’ सरकला की अर्थ किती सरकतो ते बघू, कारण सगळी विशेषणं सारखी वागत नाहीत.

गरज, मोकळीक आणि शक्यता सांगणाऱ्या विशेषणांशी फार जपून वागावं. “यू आर नॉट फ्री टू गो” म्हणजे तुला जायची मोकळीक नाही. “यू आर फ्री नॉट टू गो” म्हणजे नाही गेलास तरी तुझी मर्जी. एक वाक्य अडवतं, दुसरं सोडतं. वैद्यकीय संशोधनात भाग घेण्याआधी जे संमतीपत्र देतात त्यात “यू आर फ्री नॉट टू टेक पार्ट” अशा अर्थाचं वाक्य असतं. ते रुग्णाच्या हक्काचं वाक्य आहे, आणि ‘नॉट’ची जागा चुकीची वाचली तर तो हक्कच उलटा समजला जातो. ‘पॉसिबल’चंही तसंच. “इट इज नॉट पॉसिबल टू पे” म्हणजे पैसे भरता येत नाहीत. “इट इज पॉसिबल नॉट टू पे” म्हणजे पैसे न भरताही भागू शकतं.

भावना सांगणाऱ्या विशेषणांतही अंतर मोठं आहे. “आय ॲम नॉट हॅपी टू वर्क ऑन संडे” म्हणणारा रविवारी कामाला जायला नाखूष आहे. “आय ॲम हॅपी नॉट टू वर्क ऑन संडे” म्हणणाऱ्याला रविवारी सुट्टी आहे आणि तो खुशीत आहे.

सल्ला किंवा अंदाज देणारी विशेषणं मात्र सौम्य असतात. भर पावसात रात्री जांबोटीच्या घाटरस्त्याने निघणाऱ्याला “इट इज नॉट वाइज टू गो टुनाइट” म्हणा, नाहीतर “इट इज वाइज नॉट टू गो टुनाइट” म्हणा, तो घरीच थांबेल. मराठीतही “आज जाणं शहाणपणाचं नाही” आणि “आज न जाणंच शहाणपणाचं” यांत छटेचाच फरक आहे, दुसऱ्यात थोडा जास्त जोर. ‘लाइकली’ही असंच: “नॉट लाइकली टू कम” आणि “लाइकली नॉट टू कम”, दोन्हींत पाहुणा बहुतेक येत नाही. वाचताना विशेषण या सौम्य गटातलं दिसलं तर चिंता नको. गरज, परवानगी किंवा शक्यता दिसली तर थांबून ‘नॉट’ कुठे आहे ते बघावं.

पुढचा मुद्दा माझ्या आवडीचा आहे, कारण इथे मराठीची स्वतःची एक लकब आडवी येते. आपण धोक्याची सूचना होकारात देतो. गोकाकच्या धबधब्याकडे कडेला गेलेल्या पोराला आई ओरडते, “सांभाळ, पडशील!” यात ‘न’ नाही, ‘नाही’ नाही. जे घडायला नको तेच सांगून ती त्याला सावध करते. इंग्रजीत हेच ‘केअरफुल’ला जोडून सांगायचं तर नकार घालावाच लागतो: “बी केअरफुल नॉट टू फॉल.” आईच्या वाक्यात नकार नव्हता म्हणून मुलगा “बी केअरफुल टू फॉल” लिहितो, आणि त्याचा अर्थ होतो, नीट लक्ष देऊन पड. कन्नडचा आधार इथे घेण्यासारखा आहे. “बीळदंते नोडिको” यातल्या ‘बीळदंते’ या एका शब्दातच ‘न पडेल असं’ हा नकार भरलेला आहे. ज्याला तो शब्द येतो त्याने ‘नॉट टू फॉल’ची जागा त्याच्याशी जुळवून पाहावी.

याच्या उलटही घडतं. “कडी लावायला विसरू नको” हे मराठीत नकारार्थी आहे, पण इंग्रजीत “बी केअरफुल टू लॉक द डोअर” असा होकार येतो. म्हणून ‘केअरफुल’पाशी मराठी वाक्यातला नकार मोजत बसू नये. काय घडायला हवं ते विचारावं. कडी लागायला हवी, म्हणून ‘टू लॉक’. पडायला नको, म्हणून ‘नॉट टू फॉल’. ‘डिटरमाइंड’, ‘ॲन्शस’ या शब्दांनाही हाच प्रश्न विचारता येतो. “शी इज डिटरमाइंड नॉट टू फेल” म्हणजे यंदा नापास व्हायचंच नाही असा तिने पण केलाय. “ही वॉज ॲन्शस नॉट टू हर्ट एनीवन” म्हणजे कुणाचं मन दुखवलं जाऊ नये अशी त्याला तळमळ होती.

शेवटच्या वाक्यात ‘एनीवन’ आलाय, ‘समवन’ नाही आणि ‘नो वन’ही नाही. ‘नॉट’ एकदा बसला की त्याच्या पुढे सहसा ‘एनी’चं कुटुंब येतं. “बी केअरफुल नॉट टू टेल एनीवन.” मराठीत आपण “कुणालाही सांगू नको” म्हणतो, त्यातल्या ‘ही’चं काम तिथे ‘एनी’ करतो. ‘नॉट टू टेल नोबडी’ असं प्रमाण इंग्रजीत लिहीत नाहीत, नकार एकदाच पुरतो.

भीतीच्या शब्दाशी जोडी अशी बनते: “ही इज अफ्रेड टू साइन” म्हणजे त्याला सही करायला भीती वाटते. “ही इज अफ्रेड नॉट टू साइन” म्हणजे सही केली नाही तर काय होईल, याची त्याला भीती आहे. पहिला सही टाळतो आहे, दुसरा दबावाखाली ती करून मोकळा होणार आहे. मराठीत दुसऱ्या वाक्यासाठी आपण बहुधा ‘तर’ घेऊन आख्खं वाक्य रचतो, इंग्रजी ते एका ‘नॉट’वर भागवते.

झालेल्या गोष्टीबद्दल बोलायचं असलं की ‘टू’नंतर ‘हॅव’ येतो आणि क्रियापदाचं तिसरं रूप येतं. “नशीब, आपण त्या गाडीत नव्हतो” याचं इंग्रजी “वी आर लकी नॉट टू हॅव बीन ऑन दॅट बस.” “तुझ्या लग्नाला यायला जमलं नाही, वाईट वाटतं” याचं “आय ॲम सॉरी नॉट टू हॅव बीन ॲट युअर वेडिंग.” इथेही ‘नॉट’ची जागा ढळत नाही. ‘टू हॅव नॉट बीन’ही वाचायला मिळतं, पण ‘नॉट टू हॅव बीन’ लिहिलेलं बरं. ही रूपं वाचताना ओळखता यायला हवीत. बोलताना मात्र त्यांचा हट्ट धरू नये. “बरं झालं, गेलो नाही” हे “आय ॲम ग्लॅड नॉट टू हॅव गॉन” असं म्हटलं तर व्याकरण बरोबर, पण इंग्रज माणूस गप्पांत “आय ॲम ग्लॅड आय डिडंट गो” असंच म्हणेल. न येण्याबद्दल पत्रातून माफी मागायची तर “आय ॲम सॉरी फॉर नॉट कमिंग” हेही चांगलं इंग्रजी आहे. ‘फॉर’नंतर ‘टू’ येऊ शकत नाही, म्हणून क्रियापदाला ‘इंग’ लागतो. ‘नॉट’ तिथेही पुढेच उभा राहतो, आपल्या ‘न’सारखा.

माणसाच्या वागण्याला नावं ठेवायची किंवा त्याचं कौतुक करायचं तर ‘ऑफ’ येतो: “इट वॉज रूड ऑफ हिम नॉट टू रिप्लाय.” उत्तर न देणं हा त्याचा उद्धटपणा. तो उद्धटपणा ‘त्याचा’ आहे, म्हणून ‘ऑफ’. पण “त्याने उत्तर न देणं महत्त्वाचं आहे” यात महत्त्व त्याच्या स्वभावातलं नाही, म्हणून ‘फॉर’: “इट इज इम्पॉर्टंट फॉर हिम नॉट टू रिप्लाय.” माणूस मध्ये आला तरी नकार ‘टू’ला चिकटूनच.

‘हार्ड’ आणि ‘इम्पॉसिबल’ यांच्यापुढे ‘नॉट टू’ आला की मुलं बिचकतात, कारण एका नकारावर दुसरा चढल्यासारखा वाटतो. मराठीत यासाठी फार सुंदर रचना तयार आहे. “इट वॉज हार्ड नॉट टू लाफ”, म्हणजे हसल्यावाचून राहवेना. “इट इज इम्पॉसिबल नॉट टू नोटिस”, म्हणजे लक्षात आल्याशिवाय राहतच नाही. गणपतीच्या दिवसांत बेळगावच्या गणपत गल्लीतल्या गर्दीबद्दल लिहायचं तर “इट इज इम्पॉसिबल नॉट टू बम्प इंटू समवन यू नो” असं लिहिता येईल: कुणीतरी ओळखीचं धडकल्याशिवाय राहत नाही. इथे ‘समवन’ आलाय आणि तो बरोबर आहे, कारण दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात आणि वाक्य होकाराचं होतं. ‘वाचून’ आणि ‘शिवाय’ हे शब्द मनात आले की ‘हार्ड नॉट टू’ची आठवण यावी. एखाद्या लाघवी माणसाबद्दल “शी इज हार्ड नॉट टू लाइक” म्हणतात, ती आवडल्यावाचून राहत नाही. “शी इज नॉट हार्ड टू लाइक” हे त्याहून थंड कौतुक: ती आवडायला काही अवघड नाही, इतकंच.

आता शाळेत घोकून घेतात तो ‘टू टू’. इंग्रजीत दोन ‘ओ’ असलेला, ‘फाजील’ किंवा ‘गरजेपेक्षा जास्त’ अशा अर्थाचा एक ‘टू’ आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून त्याला मी इथे ‘टूऽ’ लिहितो. “ही इज टूऽ टायर्ड टू वॉक” म्हणजे तो इतका दमलाय की त्याला चालवत नाही. मराठीत ‘नाही’ उघड आहे, इंग्रजीत तो ‘टूऽ’च्या पोटात आहे. म्हणून मुलं भर घालतात, “टूऽ टायर्ड नॉट टू वॉक”. ते चुकतं, कारण वाक्य म्हणू लागतं की तो इतका दमलाय की चालल्याशिवाय त्याला राहवत नाही. ‘टूऽ’ असताना ‘नॉट टू’ घालणं योग्य ठरतं ते असा अर्थ खरोखरच हवा असेल तेव्हाच: “ही इज टूऽ ऑनेस्ट नॉट टू टेल हर.” तो इतका सच्चा आहे की तिला सांगितल्यावाचून राहणार नाही.

‘इनफ’ उलट्या बाजूने चालतो. त्याच्या पोटात नकार नाही, हवा असेल तर घालावा लागतो, आणि दोन जागी घालता येतो. “ही इज नॉट वाइज इनफ टू कीप क्वाएट”: गप्प बसण्याइतकं शहाणपण त्याच्यात नाही. “ही इज वाइज इनफ नॉट टू आर्ग्यू”: वाद न घालण्याइतका तो शहाणा आहे. हे दुसरं मराठी वाक्य बघा, ‘न’ नेमका क्रियापदाला चिकटलाय.

काही विशेषणांत नकार आधीच शिवलेला असतो: ‘अनेबल’, ‘अनविलिंग’, ‘अनलाइकली’, ‘रिलक्टंट’. “ही इज अनविलिंग टू पे” एवढ्यानेच तो पैसे द्यायला राजी नाही हे पुरं सांगून होतं. पुढे ‘नॉट टू’ लावला की उलटं होतं. “शी इज अनलाइकली नॉट टू कम” म्हणजे ती बहुतेक येईलच. परीक्षेत अशी वाक्यं अर्थ विचारायला देतात. स्वतः लिहिताना ती टाळावीत, वाचणाऱ्याला उगाच हिशोब करायला लावू नये.

‘टू नॉट’चं काय? “आय ॲम ट्राइंग टू नॉट लाफ” असं बोलण्यात हल्ली बरंच ऐकू येतं, विशेषतः अमेरिकन मालिकांत, आणि ते चुकीचं म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. ‘नॉट’ला क्रियापदाशी अगदी घट्ट बांधायचं असेल तर बोलणारा तो ‘टू’च्या नंतर ढकलतो. तरीही अर्ज, परीक्षा, मुलाखत अशा ठिकाणी ‘नॉट टू’च लिहावं. ते कुणालाही खटकत नाही. “यू हॅड बेटर नॉट गो” या रचनेत मात्र ‘टू’ येतच नाही. अर्थ “न गेलेलं बरं” असाच, पण थोडा धाक असलेला. “इट इज बेटर नॉट टू गो”मध्ये ‘टू’ हवा, ‘हॅड बेटर’मध्ये नको.

राहिली तुटक उत्तरं. “खानापूरला येणार का?” असं कुणी इंग्रजीत विचारलं, “आर यू कमिंग टू खानापूर?”, तर “आय वुड बी हॅपी नॉट टू” एवढं म्हणून थांबता येतं. ‘कम’ गळून पडतो, ‘टू’ मात्र वाक्याच्या शेवटी उभा राहतो, तो गाळायचा नाही. गाळला तर काय होतं ते ‘अफ्रेड’पाशी कळतं. “आय ॲम अफ्रेड नॉट” हा नम्रपणे दिलेला नकार आहे: माफ करा, जमणार नाही. “आय ॲम अफ्रेड नॉट टू” म्हणणारा येणार आहे, कारण न येण्याची त्याला भीती वाटते.